जिला गादी नाही, तिच्या हाती राज्य

जून १३१६ मध्ये फ्रान्सचा राजा दहावा लुई वारला, तेव्हा त्याच्यामागे चार वर्षांची मुलगी झान होती आणि राणी क्लेमांस गरोदर होती. ९८७ साली ह्यूग कापे गादीवर आल्यापासून सव्वातीनशे वर्षे बापामागून मुलगा हा क्रम एकदाही तुटला नव्हता, त्यामुळे मुलीला गादीवर बसता येते की नाही हे ठरवण्याची वेळच कुणावर आली नव्हती. राणीचे बाळंतपण होईपर्यंत लुईचा धाकटा भाऊ फिलिप याने राजाच्या वतीने कारभार पाहणारा, म्हणजे रीजंट म्हणून सूत्रे हाती घेतली. नोव्हेंबरमध्ये मुलगा झाला आणि पाच दिवसांत दगावला. मग फिलिपने पुतणीला बाजूला सारले आणि ९ जानेवारी १३१७ रोजी रीम्स येथे स्वतःला राज्याभिषेक करवून घेतला. पुढच्याच महिन्यात पॅरिसमध्ये सरदार, धर्मगुरू, नगरजन आणि विद्यापीठातले पंडित यांची सभा भरली आणि स्त्रीला फ्रान्सच्या राजमुकुटाचा वारसा मिळत नाही, असे तिने जाहीर केले. आधी कृती उरकली आणि नियम मागाहून आला. त्या नियमाने पुढे फ्रान्सचा इतिहास पाच शतके बांधून ठेवला. फ्रान्सच्या गादीवर स्वतःच्या हक्काने एकही स्त्री कधी बसली नाही.

पण याच देशाचा कारभार बायकांनी जितक्या वेळा आणि जितकी वर्षे चालवला, तितका युरोपातल्या फार थोड्या देशांत चालवला असेल. आन द बोजू, सव्हॉयची लुईझ, कॅथरीन दे मेदिची, मारी दे मेदिची, ऑस्ट्रियाची आन यांनी सैन्ये हलवली, तह केले, करांचे हुकूम काढले, काहींनी तर राजकुलातल्या पुरुषांना कैदेतही टाकले. जिथे मुलीला गादी नाही, तिथे आईच्या आणि बहिणीच्या हाती राज्य कसे? नेहमीचे उत्तर असे, की या बायका असामान्य होत्या आणि त्यांनी नियमाला वळसा घातला. मला हे उत्तर अपुरे वाटते. माझे म्हणणे असे, की त्यांना कारभार मिळाला तो बराचसा त्या नियमामुळेच. गादीचे दार बायकांना बंद झाले, म्हणूनच कारभाराचे दार त्यांच्यासाठी उघडले. आपल्याकडे सातबाऱ्यावर अज्ञान वारसाच्या नावाखाली ‘अ.पा.क.’ म्हणून आईचे नाव लागते. जमीन मुलाची, वहिवाट पाहणारी आई. तीच जागा चुलत्याला दिली तर घरातल्यांच्या मनात जी धाकधूक उभी राहते, तीच फ्रान्सच्या राजघराण्यात राज्याच्या मापाने उभी राहत होती.

या मुद्द्याकडे वळण्याआधी एक गैरसमज दूर करायला हवा. स्त्रीला गादी नाकारणारा हा नियम ‘सालिक कायदा’ या नावाने ओळखला जातो आणि तो फ्रँक टोळ्यांच्या काळापासून चालत आला, असे सांगितले जाते. त्या नावाची सहाव्या शतकातली एक संहिता होती हे खरे, आणि जमिनीच्या एका प्रकारात बायकांना वाटा नाही असे एक कलम तिच्यात होते हेही खरे. पण १३१७ च्या निर्णयाला त्या कलमाचा आधार कुणी घेतला नव्हता. चौदाव्या शतकाच्या मध्यानंतर सँ-दनीच्या मठात ती संहिता पुन्हा हाती लागली आणि फ्रेंच गादीवरच्या इंग्रजांच्या दाव्याला उत्तर म्हणून पंधराव्या शतकातल्या लेखकांनी तिला राज्याच्या मूळ कायद्याचा मान दिला. बायकांनी जहागिरी सांभाळणे तर त्या काळी रोजचीच गोष्ट होती. रीम्सला फिलिपच्या राज्याभिषेकाला जे ‘पेअर’, म्हणजे राज्याचे सर्वोच्च मानकरी हजर होते, त्यांत आर्त्वा प्रांताची मालकीण माओ ही होती. ती फिलिपची सासू, आणि स्वतःच्या हक्काने पेअर. भावाच्या मुलीला डावलून राजा होणाऱ्या माणसाच्या अभिषेकाला बापाची जहागीर वारशाने मिळालेली स्त्री मानकरी म्हणून उभी होती. डावललेली झानही पुढे नावार या शेजारच्या राज्याची राणी झाली, कारण तिथे मुलीला गादी मिळत असे. तेव्हा स्त्रीला सत्ता झेपत नाही, असे १३१७ मध्ये कुणी गंभीरपणे मानत होते असे दिसत नाही. एका पुरुषाच्या हाती आलेली गादी पक्की करणे एवढाच त्या निर्णयाचा तातडीचा हेतू होता.

या घटनेची दुसरी बाजू अधिक बोलकी आहे. फिलिप रीजंट होता, आणि रीजंटचा राजा झाला. बारा वर्षांनी हेच पुन्हा घडले. फेब्रुवारी १३२८ मध्ये फिलिपचा भाऊ आणि त्याच्यामागून राजा झालेला चौथा चार्ल्स वारला, तेव्हाही राणी गरोदर होती. चुलतभाऊ व्हाल्वाचा फिलिप रीजंट झाला. एप्रिलमध्ये मुलगी जन्मली आणि रीजंट पुन्हा राजा झाला. चार्ल्सची बहीण इझाबेला हिचा मुलगा, इंग्लंडचा तिसरा एडवर्ड, आईच्या नात्याने हक्क सांगत होता, पण स्त्रीला जो हक्क नाही तो तिच्यामार्फत तिच्या मुलाकडेही जात नाही, असे ठरवून त्याला दूर ठेवले गेले. म्हणजे न जन्मलेल्या वारसाची वाट पाहण्यासाठी दोनदा पुरुष रीजंट नेमला आणि दोन्ही वेळा तोच गादीवर बसला. दोघांनीही नियम मोडला नाही हे मान्य, पण पुढच्या पिढ्यांना यातून जे कळायचे ते कळले. सिंहासनाच्या सगळ्यात जवळ उभा असलेला पुरुष हाच बालराजाचा सर्वांत धोकादायक पालक. शहाण्या पाचव्या चार्ल्सने १३७४ मध्ये वटहुकूम काढून राजाचे सज्ञान होण्याचे वय चौदाव्या वर्षात पदार्पण करण्याइतके खाली आणले आणि राजपुत्राचा सांभाळ व राज्याचा कारभार वेगवेगळ्या हातांत ठेवण्याची तरतूद केली. तरी १३८० मध्ये तो गेला तेव्हा राणी आधीच वारली होती, आणि अकरा वर्षांच्या सहाव्या चार्ल्सभोवती चुलत्यांनी कोंडाळे केले. खजिन्यातला पैसा त्यांच्या स्वतःच्या मोहिमांकडे आणि जहागिरींकडे वळला. राजाने १३८८ मध्ये त्यांना दूर केले, पण याच घराण्यांच्या भांडणातून पुढे यादवी पेटली.

माझ्या युक्तिवादाची खरी कसोटी १४८३ साली लागते, कारण त्या एकाच वर्षी शेजारच्या दोन राज्यांत सारखाच प्रसंग उभा राहिला. एप्रिलमध्ये इंग्लंडचा चौथा एडवर्ड वारला आणि बारा वर्षांचा मुलगा मागे राहिला. त्याचा चुलता रिचर्ड संरक्षक झाला. तीन महिन्यांच्या आत रिचर्डने पुतण्याला अनौरस ठरवून स्वतः मुकुट घातला, आणि तो मुलगा व त्याचा धाकटा भाऊ लंडनच्या टॉवरमधून पुन्हा कुणाला दिसले नाहीत. ऑगस्टच्या शेवटी फ्रान्सचा अकरावा लुई वारला. मुलगा आठवा चार्ल्स तेरा वर्षांचा होता. जवळचा पुरुष वारस होता एकवीस वर्षांचा ओर्लेआंचा लुई, आणि कारभारावर त्याने हक्क सांगितला. पण मरणाऱ्या राजाने मुलाला आपल्या थोरल्या मुलीच्या, बावीस वर्षांच्या आनच्या आणि तिचा नवरा पिएर द बोजू याच्या हवाली केले होते. जानेवारी १४८४ मध्ये तूर शहरात देशाच्या तिन्ही वर्गांचे प्रतिनिधी जमले. तेव्हा चॅन्सेलर गियोम द रोशफोर याने उघड्या सभेत इंग्लंडकडे बोट दाखवले आणि राजाच्या मुलांचा जीव घेणाऱ्यालाच तिथे मुकुट मिळाला, असे सांगितले. तो इंग्रजांची निंदा करत होता आणि फ्रेंचांच्या राजनिष्ठेची स्तुती. पण जवळच्या पुरुष वारसाच्या हाती बालराजा गेला तर काय होते, हे त्या सभेतल्या प्रत्येकाला त्या एका उदाहरणातून समजले असणार. सभेने रीजंट कुणालाच नेमले नाही, कारण वयाच्या हिशेबाने राजा सज्ञान ठरत होता. राजाची देखभाल मात्र आनकडेच राहिली, आणि तिच्याबरोबर प्रत्यक्ष सत्ताही.

ओर्लेआंच्या लुईने हे मुकाट्याने सोसले नाही. १४८५ पासून त्याने बंडखोर सरदारांशी आणि ब्रिटनीच्या ड्यूकशी हातमिळवणी केली. २८ जुलै १४८८ रोजी सँ-ओबँ-द्यु-कोर्मिए येथे राजाच्या फौजेने त्यांचा पराभव केला आणि लुई तीन वर्षे तुरुंगात गेला. आनने त्याला मारले नाही. राजाला हात लावू दिला नाही एवढेच. १४९८ मध्ये चार्ल्स निपुत्रिक मेला तेव्हा हाच लुई वारसाच्या सरळ क्रमाने बारावा लुई म्हणून गादीवर आला. त्याला जे बंडाने हवे होते ते रीतीने मिळाले. आनच्या कारभाराचे मोठे यश मला यातच दिसते. क्रम बिघडला नाही, म्हणून पुढची लढाई टळली. आनच्या जागी लुई असता तर तो रिचर्डसारखा वागलाच असता, असा दावा मी करत नाही. पण त्याला तसे वागण्यात लाभ होता, आणि आनला भावाच्या मृत्यूत काहीही लाभ नव्हता. भाऊ गेला तर गादी शत्रूकडे जाणार होती आणि तिची सत्ता त्याच दिवशी संपणार होती. दोघांतला फरक स्वभावाचा धरण्याची गरज नाही. तो हितसंबंधाचा होता आणि तो नियमाने निर्माण केला होता.

स्वतःच्या हक्काची सत्ता असलेल्या स्त्रीचे काय होत असे, हे त्याच सुमारास दुसऱ्या एका आनच्या आयुष्यात दिसते. ब्रिटनीची आन १४८८ मध्ये, अकराव्या वर्षी, बापामागून डचेस झाली. ती एका प्रांताची खरी मालकीण होती, म्हणून तिचे लग्न हा राज्याराज्यांमधला सौदा ठरला. डिसेंबर १४९० मध्ये हाब्सबुर्ग घराण्यातल्या मॅक्सिमिलियनशी तिचे लग्न प्रतिनिधीमार्फत लागले. फ्रेंच फौजांनी तिला घेरले आणि वर्षभरात तिला आठव्या चार्ल्सशी लग्न करावे लागले. चार्ल्स मुलगा न ठेवता गेला तर विधवेने पुढच्या राजाशी लग्न करावे, असे कलम करारात होते. तो तसाच गेला, आणि १४९९ मध्ये ती बाराव्या लुईची राणी झाली. ब्रिटनी वेगळी राहावी यासाठी ती जन्मभर झगडली, तरी तिच्या मुलीच्या लग्नातून तो प्रांत शेवटी फ्रान्सच्या पोटात गेला आणि १५३२ मध्ये कायमचा जोडला गेला. एका आनकडे वारसाहक्क होता आणि तिला लग्नात ओढले गेले. आन द बोजूकडे कोणताच हक्क नव्हता आणि हे लग्न जुळवून आणणारी सत्ता तिच्या हाती होती. जिच्याशी लग्न करून राज्य मिळत नाही, तिच्यामागे लागण्यात कुणालाच स्वारस्य नव्हते. फ्रान्सच्या राजमाता आणि राजभगिनी त्यामुळेच आपल्या जागी टिकू शकल्या.

सव्हॉयची लुईझ या आन द बोजूच्याच देखरेखीखाली वाढली होती. २४ फेब्रुवारी १५२५ रोजी पाव्हियाच्या लढाईत तिचा मुलगा पहिला फ्रान्सवा सम्राट पाचव्या चार्ल्सच्या हाती सापडला, तेव्हा ती लियोंमध्ये रीजंट होती. राजा माद्रिदच्या कैदेत, सैन्य फुटलेले, आणि राजकुलातला सर्वांत पराक्रमी सरदार, बूर्बोंचा ड्यूक, शत्रूच्या बाजूने लढलेला. त्याला तिकडे ढकलण्यात लुईझने त्याच्या जहागिरीवर सांगितलेल्या वारसादाव्याचाही हात होता, हे विसरून चालणार नाही. पॅरिसमधल्या काहींना वाँदोमच्या ड्यूकने, म्हणजे जवळच्या पुरुष नातेवाइकाने, कारभार घ्यावा असे वाटत होते. पण त्याने नकार दिला आणि तो लियोंला जाऊन तिच्या मंडळात बसला. लुईझने त्याच वर्षी इंग्लंडशी तह करून दुसरी आघाडी बंद केली आणि सम्राटाला शह देण्यासाठी ऑटोमन सुलतान सुलेमानकडे दूत धाडले. चार वर्षांनी, १५२९ च्या उन्हाळ्यात, तिने काँब्रे शहरात सम्राटाची आत्या मार्गारेट हिच्याशी समोरासमोर वाटाघाटी केल्या. त्या दोघी नणंद-भावजय होत्या, कारण मार्गारेट ही लुईझच्या भावाची विधवा. शिवाय मार्गारेट लहानपणी आठव्या चार्ल्सची वाग्दत्त वधू म्हणून फ्रेंच दरबारात वाढलेली, म्हणजे दोघी एकाच आनच्या छायेत मोठ्या झालेल्या. रस्त्याच्या दोन बाजूंना दोघींचे मुक्काम होते आणि मधून एक झाकलेला पूल टाकला होता, म्हणजे पाहिजे तेव्हा एकीला दुसरीकडे जाता यावे. मार्गारेटने आधीच लिहून ठेवले होते, की राजांना आपण होऊन पाऊल मागे घेणे अपमानाचे वाटते, बायकांना तसे वाटण्याचे कारण नाही. वीस लाख एकूंच्या खंडणीवर, राजाच्या बदल्यात ओलीस असलेले लुईझचे दोन नातू सुटले आणि बर्गंडी फ्रान्सकडेच राहिली. हा तह आजही ‘बायकांचा तह’ म्हणून ओळखला जातो.

आता आक्षेप. पहिला असा, की ब्लाँशचे काय? कास्तीलची ब्लाँश १२२६ मध्ये विधवा झाली. बारा वर्षांच्या नवव्या लुईला तिने तीन आठवड्यांत रीम्सला अभिषेक करवला, उठाव करणाऱ्या सरदारांना मोडून काढले, आणि १२२९ च्या तहाने तुलूझच्या काउंटची एकुलती मुलगी आपल्या एका धाकट्या मुलासाठी मागून घेऊन दक्षिणेचा तो प्रांत पुढे राज्यात येण्याची वाट तयार केली. तेव्हा तर स्त्रीला गादी नाकारणारा नियमच नव्हता. हा आक्षेप रास्त आहे. आईने मुलाचे राज्य सांभाळावे ही कल्पना नियमाच्या आधीची आहे हे मी मान्य करतो. पण तेराव्या शतकात ती अनेक पर्यायांतला एक पर्याय होती. १२७० मध्ये तिसऱ्या फिलिपने आपल्या मृत्यूनंतरची जबाबदारी भावाकडे सोपवण्याची व्यवस्था केली होती, तर १३१६ आणि १३२८ मध्ये राण्यांना कुणी विचारलेही नाही. सोळाव्या आणि सतराव्या शतकांत मात्र आई हयात असेल तर कारभार तिच्याकडे, हा जवळजवळ ठरलेला रिवाज झाला. १४ मे १६१० रोजी चौथ्या हेन्रीचा खून झाला आणि त्याच दुपारी पॅरिसच्या पार्लमाँ या उच्च न्यायपीठाने मारी दे मेदिचीला रीजंट जाहीर केले. ब्लाँशने उदाहरण घालून दिले होते. त्याला रिवाजाचे बळ नियमाने दिले.

दुसरा आक्षेप अधिक कडक आहे. बायकांकडे सत्ता देऊन फ्रान्सचे खरेच भले झाले का? सहाव्या चार्ल्सची राणी, बव्हेरियाची इझाबो, हिने १४२० मध्ये त्र्वा येथे पोटच्या मुलाला वारसाहक्कातून बाद करणाऱ्या तहाला संमती दिली. कॅथरीन दे मेदिचीच्या नावाशी २४ ऑगस्ट १५७२ ची सेंट बार्थोलोम्यूची कत्तल कायमची जोडली गेली आहे. इझाबोचे उदाहरण माझ्या म्हणण्याला धक्का देते असे वाटते, पण नीट पाहिले तर तिथे आईच्या हाती सत्ताच उरली नव्हती. राजा वेडा, देश यादवीत, मुलाच्या माणसांनी बर्गंडीच्या ड्यूकचा मोंतरो येथे खून केलेला, आणि तह घडवणारी शक्ती होती ती इंग्रजांची आणि नव्या ड्यूकची. कॅथरीनबद्दल मी तिची जबाबदारी नाकारणार नाही. हजारो प्रॉटेस्टंट मारले गेले त्या कत्तलीला तोंड फोडणारा, त्यांच्या पुढाऱ्यांच्या हत्येचा निर्णय ज्या मंडळात झाला त्यात ती होती. पण मी कुणाच्या चांगुलपणाचा दाखला देत नाही आहे. प्रश्न हा आहे, की १५६० मध्ये दहा वर्षांच्या नवव्या चार्ल्सचा कारभार तिला का मिळाला? राजकुलातला ज्येष्ठ पुरुष आंत्वान द बूर्बों होता आणि त्याचा दावा जोरदार होता. त्याचा भाऊ काँदे ओर्लेआंत कैदेत होता. ती संधी साधून तिने आंत्वानला माघार घ्यायला लावली. इतर सरदारांनाही बूर्बों किंवा गीज घराण्याच्या हाती राजा जाण्यापेक्षा आई परवडली. तिच्यामुळे धर्मयुद्धे थांबली नाहीत. पण तीस वर्षांच्या त्या आगीत गादीचा क्रम शाबूत राहिला, आणि तो शेवटी आंत्वानच्याच मुलाकडे, चौथ्या हेन्रीकडे, गेला.

तिसरा आक्षेप त्या काळच्या लोकांचाच होता. राण्या परदेशी, मग त्यांची निष्ठा कुठे? ऑस्ट्रियाच्या आनने याला सर्वांत ठसठशीत उत्तर दिले. ती स्पेनच्या राजाची बहीण, आणि १६३७ मध्ये स्पेनशी चोरून पत्रव्यवहार करताना सापडलेली. नवरा तेरावा लुई तिच्यावर इतका साशंक होता, की मरण्यापूर्वी त्याने तिचे हात बांधणारे मंडळ नेमले. १४ मे १६४३ रोजी तो गेला. चारच दिवसांनी, साडेचार वर्षांच्या चौदाव्या लुईच्या उपस्थितीत, पार्लमाँने ती बंधने काढून टाकली. आता ती परदेशी राजकन्या उरली नव्हती, फ्रान्सच्या राजाची आई झाली होती. सख्ख्या भावाविरुद्धचे युद्ध तिच्या सरकारने १६५९ पर्यंत चालवले. १६४८ मध्ये तिच्याविरुद्ध सुरू झालेल्या फ्रोंदच्या बंडात पुढे काँदेच्या घराण्यातल्या तेव्हाच्या राजपुत्रासारखे राजरक्ताचे फ्रेंच पुरुष उतरले, आणि हा काँदे तर शेवटी स्पेनच्याच सैन्यात जाऊन लढला.

या सगळ्याची किंमत त्या बायकांनी मोजली, आणि तिच्याकडे डोळेझाक करणे अप्रामाणिक ठरेल. मुलगा असेपर्यंत आणि तो ऐकेपर्यंतच त्यांची सत्ता. पंधरा वर्षांच्या तेराव्या लुईने एप्रिल १६१७ मध्ये आई मारी दे मेदिचीच्या विश्वासू काँचिनीला लूव्ह्रच्या दारात मारवले आणि आईला ब्लुआला पाठवून दिले. ती पुढे १६४२ मध्ये परदेशात, कोलोनमध्ये वारली. मूल नसलेल्या राणीला तर यात जागाच नव्हती. अकराव्या लुईची धाकटी मुलगी झान ही बाराव्या लुईची बायको, तिला त्याने राजा होताच सोडले. शिवाय ज्या कारणाने स्त्रीवर विश्वास ठेवला ते कारणच तिच्या अपात्रतेचे होते, हा अन्याय कितीही यश मिळाले तरी भरून निघत नाही. १३१७ मध्ये दहाव्या लुईच्या चार-पाच वर्षांच्या झानकडून जे हिरावले गेले, ते तिला कुणी परत दिले नाही.

१७१५ मध्ये पाच वर्षांच्या पंधराव्या लुईची आई हयात नव्हती आणि ओर्लेआंचा फिलिप रीजंट झाला. त्याने राजाला काही केले नाही. पण राजघराण्यात आधी झालेल्या मृत्यूंबद्दल त्याच्यावर विषप्रयोगाचा संशय घेतला गेला होता आणि मरणाऱ्या चौदाव्या लुईने मृत्युपत्रात त्याचे अधिकार आवळले होते. पुरुष रीजंट आला की तीच जुनी भीती उठत होती. मग क्रांती आली, आणि १७९१ च्या संविधानाने स्त्रीला गादीबरोबर रीजंटपदही नाकारले. बालराजाचा सांभाळ तेवढा आईकडे ठेवला. नेपोलियनच्या १८०४ च्या घटनेतही तसेच लिहिले होते. तरी १८१३ मध्ये, रशियाच्या मोहिमेनंतर, मुलाच्या वारशाची काळजी लागली तेव्हा नेपोलियनने नवा कायदा करवून पत्नी मारी-लुईझलाच रीजंट नेमले. ज्यांनी तत्त्व म्हणून स्त्रीला कारभारातून हद्दपार केले, त्यांनाही गरज पडताच जुन्या राजघराण्याचे शहाणपण मान्य करावे लागले. म्हणून फ्रान्सच्या या बायकांकडे अपवाद म्हणून पाहणे चूक आहे. त्या राज्याच्या रचनेचाच भाग होत्या. राज्याची घटना समजून घ्यायची तर तिने कुणाला काय नाकारले एवढे वाचून भागत नाही. ज्यांना हक्क नाकारला, त्यांच्यावरच तिने कोणते काम सोपवले, हेही पाहावे लागते. फ्रान्सने मुलीला गादी नाकारली आणि ती गादी वाचवण्याचे काम आईवर टाकले. ते काम त्यांनी पार पाडले, म्हणून त्या इतिहासात त्यांचे स्थान राजांच्या बरोबरीचे आहे.